ओळंब्याचे वाक्य

पूर्वी एका गवंड्याच्या हत्यारांत दोरीला टांगलेला ओळंबा प्रमुख मानला जाई. त्याने "सरळ" म्हटल्याखेरीज थापी पुढचा थर रचीत नसे. भिंत पुरी झाली की तो म्हणे, "मी उभारली."

एकदा देवळाची ओवरी बांधताना भिंत बाहेर झुकली. "भिंत कलली," ओळंबा गंभीरपणे म्हणाला. "थापी झिजली आहे. तिला भंगारात टाकावे."

थापी म्हणाली, "दादा, जायला माझी ना नाही. पण उभ्या भिंतीच्या वाक्यात 'मी' होता. कललेल्या भिंतीच्या वाक्यातून तो कुठे गेला?"

"वाऱ्यावर गेला असेल!" कोपऱ्यांचा काटकोन तपासणारे हत्यार, गुण्या, खुदकन हसला.



"भिंत मी कलवली," अखेर ओळंबा म्हणाला. "त्या दिवशी खरोखरच वारा होता. स्थिर होण्याआधीच मी 'सरळ' म्हणालो. थापी कुठेही जाणार नाही."

भिंतीचे पाच थर उतरवावे लागले. पुन्हा रचताना थापीने विचारले, "दादा, सरळ?"

"थांब," ओळंबा म्हणाला, "मी अजून झुलतो आहे."