फळीवरची थाप

यंत्रं आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट. पत्र्याच्या घरांच्या एका वस्तीत शिवणवर्ग होता. तिथलं जुनं मशीन फळीवर थाप मारल्याशिवाय सुरूच होत नसे. बायका त्यावर शिकत, घरी स्वतःचं मशीन घेत आणि पुन्हा फिरकत नसत. मशीन मनातून झुरत असे.

"आता नसीमही जाणार," शिकायला बसलेल्या नसीमकडे बघत कात्री मशीनला म्हणाली. "सारखा दोरा तोड. शिकलीच नाही, तर जाईल कशी?"

मशीनने दोरा तोडला. नसीमने डोळे पुसले, पुन्हा ओवला. "मला जमायलाच हवं रे बाबा," ती पुटपुटली. मशीन ओशाळलं. मग ते सुरळीत चाललं, आणि नसीमही गेली.

एका दुपारी वर्ग रिकामा होता. आजूबाजूच्या घरांतून नव्या मशीनचे आवाज येत होते. त्यांना थापेची गरजच नव्हती. तरी घरोघरी आधी फळीवर थाप पडत होती.