जागा राखणारी गाडी

रमाकांतमामांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. त्या रविवारी ते सांगलीत भाचा हर्षद आणि भाचेसून मृदुला यांच्याकडे आले, ते निर्णय घेऊनच.

"गाडी घ्यायची. ती लावायला अंगणातला झोपाळा काढून टाकायचा."

मृदुलानं झोपाळ्याकडे पाहिलं. ते एवढंसं अंगण म्हणजे त्यांच्या चिमुकल्या लेकीचं, ओवीचं सगळं जग. हर्षद तर मान डोलवायलाही लागला होता.

"पण मामा, कोपऱ्यावर रिक्षा मिळते की," ती म्हणाली.

"रिक्षा! अगं, दारात गाडी असली की माणूस मनात येईल तेव्हा, मनात येईल तिथे जातो. हे खोटं ठरव, पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही!"

"मग आज तुमची गाडी नाही आणलीत?"

मामा खाकरले. "आणली असती गं. पण बाहेर काढली की शेजारचा आगाशे लगेच तिथे स्वतःची गाडी लावतो. जागा गेली की गेली. म्हणून रिक्षानं आलो."

"म्हणजे तुमची गाडी दारात बसून जागा राखते," मृदुला हसून म्हणाली. "मग आमची सोय झालेलीच आहे, मामा. आमची जागा ओवी राखते. आणि तिला धुवायला अर्धी बादली पुरते!"

हर्षदला हसू आवरेना. मामांनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण पुढच्याच क्षणी तेही खो खो हसू लागले.

"हरलो, सूनबाई. आता चहा टाक. आणि जाताना मला रिक्षा तेवढी बोलावून दे."