सिलिंडरने लपवलेली गळती

फार वर्षांपूर्वी भिकाजीराव केळुसकरांच्या जुन्या मोटारीत ब्रेकचा सिलिंडर आणि त्याच्या पोटातलं रबर जिवाभावाने राहत होते. एकदा रबर चिरलं आणि ब्रेकचं तेल पाझरू लागलं.

"मालकांना कळू दे," रबर म्हणालं.

"कळलं तर ते तुला फेकून देतील," म्हणत सिलिंडरने गळती आतल्या आत दाबली.

आठवड्याने घाटात ब्रेक लागलाच नाही. मोटार दरडीवर आदळली. मालक वाचले, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी गेल्या.

गॅरेजवाल्या बाबल मेस्त्रींनी सिलिंडर खोलला, घासून पुसला, नवं रबर बसवलं. "अर्ध्या तासाचं काम होतं हो," ते हळहळले.

नव्या रबराने भीतभीत विचारलं, "मी चिरलं तर?"

"लगेच ओरड," सिलिंडर म्हणाला. "मी तुला गप्प करणार नाही."