गावपळणीत मागं राहिलेला झिलू

एकदा काय झालं, समुद्राला भूक लागली. अशीतशी नाही, अख्खं बेट गिळण्याइतकी. बेटावरची उरलीसुरली माणसं होड्यांत बसली आणि वाट फुटेल तिकडे निघाली. शेवटी डोंगराआडच्या एका गावाच्या वेशीपाशी येऊन थांबली. पुढं का गेली नाहीत? गावकारानं जाऊ दिलं नाही म्हणून. गावकार म्हणजे गावाचा पुढारी, बरं का. त्याचं नाव दाजी. मिशा एवढाल्या, आणि संशय मिशांहून मोठा.

तो म्हणाला, "वेशीभायर रवा. आत पाय ठेवल्यात तर तंगडी मोडीन."

मग ती माणसं वेशीबाहेर झोपड्या बांधून राहिली. त्यांत एक सावरी नावाची बाई होती. तिचा एकुलता एक मुलगा समुद्रानं नेला होता. ती जाळी फार सुरेख विणायची. गावातल्या बायका तिच्याकडून जाळी घ्यायच्या, पण वेशीच्या आत उभ्या राहून, हात लांब करून. बोलायच्या मात्र नाहीत.

आता त्या गावाची रीत ऐका. मने, डोळे मिटलेस तरी चालेल, कान उघडे ठेव. काही वर्षांनी एकदा देवाचा हुकूम व्हायचा आणि सगळं गाव घरंदारं सोडून बाहेर जायचं. ह्याला म्हणायचे गावपळण. माणसं, गुरं, कोंबड्या, अगदी मांजरंसुद्धा वेशीबाहेर. तीन दिवस गावात चिटपाखरू नाही. ते तीन दिवस गाव राखणदाराचं. राखणदार म्हणजे देवाचा माणूस. माडाएवढा उंच, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. मागं राहिलेल्या माणसाचं तो काय करतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मागं कधी कुणी राहिलंच नव्हतं.

झालं, पळणीचा दिवस आला. गावानं चुली विझवल्या, वेस ओलांडली आणि माळावर मांडव घातले. माळ केवढासा! मांडव आले ते थेट झोपड्यांच्या शेजारी.

दाजीला काही चैन पडेना. घरं उघडी नि ही परकी माणसं हाकेच्या अंतरावर! राखणदार आहे की, पण दाजीचा देवावरही विश्वास जरा बेताचाच. मग त्यानं काय केलं? आपला तरणाताठा मुलगा झिलू, त्याला गुपचूप घरातच ठेवला. घर वेशीला लागूनच होतं. म्हणाला, "पडवीत बस. ती मानसा चोरूक इली तर बोंब मार." बायकोला सांगितलं, झिलूला मामाकडे धाडलंय.

पहिल्या दिवशी दुपारी गावातून घुंगरं वाजली. मग हाक आली. "बाबानूऽ, माझे पाय दगडाचे झाले!"

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. दाजी पटकन म्हणाला, "भूत असा ता. कान देव नकात." पण त्याच्या हातातली पेज सगळी सांडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घुंगरं. पुन्हा हाक. "बाबानूऽ, कंबर दगडाची झाली!"

गावकारीण उठून उभी राहिली. "अवो, ह्यो आवाज झिलूचो."

"तो मामाकडे असा," दाजी म्हणाला. खरं सांगावं तर रीत मोडली ती गावकारानंच. तोंड कुठं दाखवणार? न सांगावं तर पोरगा जातोय. आणि हा मेला गप्प बसला! मला अजून राग येतो त्याचा.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढली. घुंगरं वाजली. हाक आली ती नुसती घरघर. दगड छातीपर्यंत चढला होता ना.

आता कुठली आई ऐकेल? गावकारीण धावत सुटली. तिच्यामागं गडीमाणसंही धावली. पण वेशीवर आली नि त्यांची पावलं जमिनीला चिकटली. गावच्या माणसाला पळणीत आत जाता येत नाही. ती तिथंच कोसळली. "कोणीतरी जावा रे! माझो झील मरता!"

सावरी झोपडीच्या दारात जाळं विणत होती. तिनं ते खाली ठेवलं. तंगडी मोडण्याची धमकी तिलाही आठवली, पण ती वेस ओलांडून चालू लागली. तिची पावलं चिकटली नाहीत. तिला गावची म्हटलंच होतं कुणी!

दाजीच्या अंगणात राखणदार उभा होता. पडवीत झिलू, गळ्यापर्यंत दगड, नुसते डोळे हलताहेत. राखणदारानं काठी आडवी धरली.

"ह्यो कोणाच्या भियान हंयसर बसलो?"

काठी सावरीच्या नाकासमोर होती. पण ती खरं बोलली. "आमच्या भीतीनं. आम्ही चोरी करू म्हणून."

"मगे तू कित्याक इलंस?"

"त्यानं हाक मारली. माझ्या पोरानं मारली होती तेव्हा मधे पाणी होतं. मला जाता आलं नाही. आज पाणी नाही."

राखणदारानं काठी वर उचलली, सावरीच्या डोक्यावर. "तुका कोणी धाडलां? कोणीच धाडूक नाय तर तू चोर."

सावरी काय सांगणार? तिला कुणी धाडलं होतं? तिनं वेशीकडे वळून पाहिलं. अख्खं गाव तिथं उभं होतं, तोंड शिवल्यासारखं. काठी खाली येऊ लागली.

आणि दाजी ओरडला. "मी धाडलंय! ती माझ्या घरची असा! चोर मी असंय, झिलूक मीच लपवलंय! मार माका!"

काठी सावरीच्या केसांपाशी थांबली. राखणदारानं ती फिरवली आणि झिलूच्या छातीवर टेकवली. वाळलेल्या चिखलासारखा दगड गळून पडला. झिलूनं एवढा मोठा श्वास घेतला की वेशीपर्यंत ऐकू गेला. सावरीनं त्याचा हात खांद्यावर घेतला नि त्याला बाहेर आणलं. मागं वळून बघतात तर राखणदार नाही, काही नाही.

संध्याकाळी देवाला कौल लावला. कौल मिळाला, गाव आत निघालं. सावरीची माणसं मात्र झोपड्यांपाशी उभीच. गावकारणीनं पाहिलं नि ती फिरून मागं आली. सावरीचा हात धरला आणि म्हणाली, "ह्यांनी देवाच्या मानसाक सांगितल्यानी ना, तू घरची म्हणान? मगे हंयसर कित्याक रवतंस? चल, चूल पेटवची असा." असं म्हणून तिनं तिला वेशीच्या आत ओढलं. मग बाकीचेही आले, आपापल्या कोंबड्या काखेत मारून.

पुढं काही वर्षांनी पुन्हा गावपळण आली. ह्या खेपेला सावरीची माणसंही चुली विझवून गावाबरोबर बाहेर पडली. पळणीत आत जाऊ पाहिलं तर वेशीवर त्यांची पावलंही आता चिकटायची, बरं का! आणि दाजी? त्यानं घराला कडीसुद्धा लावली नाही. माळावर गेला, आडवा झाला आणि सगळ्यांच्या आधी घोरायला लागला.

तर ती सगळी तिकडं एका गावात सुखानं राहिली. आता तुम्हीही घोरा बघू, दाजीसारखे.