कालिंदीची भीड आणि कपाटातली खोकी

एका बाजारपेठेच्या गावात कालिंदी नावाची एक बाई राहत होती. शाळेत शिकवायची, घर सांभाळायची, आल्यागेल्याचं हसून करायची. तिला सगळं जमायचं, फक्त "नको" म्हणणं जमायचं नाही. पोट तुडुंब भरलेलं असलं तरी वाढणाऱ्याचा हात दिसला की हिचं ताट पुढे. शिंप्यानं ब्लाउज घट्ट शिवला तरी "छान झालाय" म्हणायची आणि श्वास आवरून घरी यायची. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण गैरसोय सोसायची, यालाच भीड म्हणतात. कालिंदीकडे ती जरा जास्तच होती.

तिची मुलगी रेणू सहा वर्षांची. पोर गोड, पण पोट फार नाजूक. दूध प्यायली की तिच्या अंगावर गांधी उठायच्या. गव्हाची पोळी खाल्ली की पोट धरून बसायची. पुढे सोयाबीन आणि बदामही सोसत नाहीत असं निघालं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "या चार गोष्टी हिच्या तोंडात जाऊ द्यायच्या नाहीत. पण पोरीची हाडं वाढायची आहेत. बाजारात हल्ली दुधाऐवजी प्यायची पेयं मिळतात, वरून कॅल्शियम घातलेली. त्यातलं हिला चालेल असं एखादं शोधा आणि मला दाखवा."

शोधा म्हणायला काय जातं? गावात असलं काही मिळण्याजोगं दुकान एकच, बन्सीकाकांचं. बन्सीकाका कालिंदीच्या सासऱ्यांचे मित्र, तिला सूनबाई म्हणत. माणूस मोठा मायेचा. गिऱ्हाइकानं मागितलेली वस्तू दुकानात नसेल तर त्यांना रात्री झोप लागत नसे.

कालिंदी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "काका, रेणूला दूध चालत नाही. दुसरं काही मिळेल का?"

एवढंच म्हणाली. गहू, सोयाबीन, बदाम ओठांवर आले होते, ते तिनं गिळून टाकले. मागे एका लग्नात तिनं वाढप्याला सगळं सांगितलं होतं, तेव्हा पंगतीतली एक बाई म्हणाली होती, "मग ही पोर खाते तरी काय, हवा?" सगळी पंगत हसली होती. तेव्हापासून लेकीचं दुखणं सांगायचं म्हटलं की कालिंदीला आपण नखरे सांगतोय असं वाटायचं.

बन्सीकाकांनी शहरातून माल मागवला. आठवड्यानं हाक मारून बोलावलं आणि मोठ्या कौतुकानं एक खोकं हातात दिलं. बदामाचं दूध! कालिंदीचा चेहरा उतरला. पण काकांचा चेहरा इतका फुलला होता, की तिनं मुकाट्यानं खोकं घेतलं, घरी आणलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

"आवडलं का पोरीला?" काकांनी पुढच्या वेळी विचारलं.

"छान होतं," कालिंदी म्हणाली.

छान होतं म्हटल्यावर काका थांबतात कसले? त्यांनी आणखी मागवलं. मग सोयाबीनचं आलं, तेही तिनं घेतलं. कपाटाची फळी भरत चालली आणि रेणूचा कप रिकामाच राहिला. "आई, मला चालणारं दूध कधी येणार गं?" रेणू विचारायची. रेणू आणि तिच्या दुधाच्या मधे उभं होतं ते फक्त एक "नको", आणि तेच तिच्या तोंडून निघत नव्हतं.

सुट्टीत रेणूची आत्या राहायला आली. कालिंदी सुट्टीतल्या कामासाठी शाळेत गेलेली, रेणूला भूक लागलेली. आत्यानं कपाट उघडलं. बघते तर काय, दूध नसलेल्या दुधाच्या खोक्यांची रांग! आत्याला फक्त दूध चालत नाही एवढंच ठाऊक होतं. तिला वाटलं, ही पोरीसाठीच आणलेली दिसतात. तिनं सोयाबीनचं खोकं फोडलं, छान कोमट केलं, चिमूटभर वेलची घातली आणि भाचीला कपभर पाजलं. रेणू खूश झाली. शेवटी आपलं दूध आलं म्हणून तिनं कप चाटूनपुसून साफ केला.

थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या. आत्यानं पोरीला उचललं आणि तशीच दवाखान्यात धावली. कालिंदी शाळेतून थेट तिथं पोचली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, हळूहळू सूज उतरली, तेव्हा कुठे सगळ्यांचा श्वास खाली आला.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, हिला जे चालत नाही ते घरात ठेवलंतच कशाला?"

कालिंदी काय सांगणार? दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून, असं? ती रेणूच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली. आत्या तर रडून रडून अर्धी झाली होती. "वहिनी, माझ्या हातून झालं हो," ती म्हणत होती. पण ते कोणाच्या हातून झालं होतं, हे कालिंदीला पुरतं ठाऊक होतं.

"वन्सं, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "चुकलं ते माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बन्सीकाकांच्या दुकानी गेली. काका नुकतंच दुकान उघडून उदबत्ती फिरवत होते. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतू नये ही त्या पेठेची जुनी रीत. त्यामुळे कालिंदीची भीड आणखीच वाढली. तिच्या मनात आलं, उद्या येऊ का? तेवढ्यात काकांनीच तिला पाहिलं.

"ये सूनबाई, ये! चांगल्या वेळी आलीस. हे बघ काय आणलंय. ओटचं दूध! शहरात सगळे हेच पितात म्हणे. दुधाचा थेंब नाही यात, मी विचारून घेतलंय."

कालिंदीनं खोकं हातात घेतलं. आजवर तिनं खोकं घेतलं की ते सरळ पिशवीत जायचं. आज तिनं ते उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, गव्हाचा अंश असू शकतो.

तिचे कान तापले. समोर काका हसऱ्या तोंडानं उभे, गल्ल्यापाशी उदबत्ती जळतेय. पण तिच्या डोळ्यांपुढे रेणूचे सुजलेले ओठ होते.

"काका," ती म्हणाली, "हे मला नको."

काकांनी खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "अगं, दूध नाही यात."

"दूध नाही, पण गहू असू शकतो. रेणूला गहूही चालत नाही. सोयाबीन चालत नाही. बदामही नाही."

"बदाम नाही? आणि मग ती आधीची खोकी?"

"कपाटात आहेत. त्यातलं एक काल चुकून तिच्या पोटात गेलं आणि दवाखाना गाठावा लागला. तुम्ही एवढ्या मायेनं आणलंत, म्हणून मी छान होतं म्हणाले. खोटं बोलले, काका."

काकांनी चष्मा काढला. "पोर कशी आहे आता?"

"बरी आहे. झोपलीय."

काका मटकन गादीवर बसले. रागावतील, बोल लावतील, म्हणून कालिंदी जीव मुठीत धरून उभी होती. काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते एकदम हसू लागले.

"अगं वेडे, मलाही ती खोकी मागवायची नव्हती! अख्खी पेटी घ्यावी लागते. एक तू न्यायचीस, बाकीची या गावात कोण घेतंय? मी आणि तुझी काकू, चहात घालघालून संपवतोय. काकूला आता चहाच विटलाय. पण तुला छान वाटतंय म्हटल्यावर बंद कसं करायचं? मला तुझी भीड पडली!"

कालिंदीला आधी रडू आलं आणि मग हसू फुटलं. दोघंही डोळे पुसत हसत राहिली. दोन शहाणी माणसं एकमेकांचं मन राखत होती आणि त्यापायी एका पोरीचा कप रिकामा राहत होता.

"आता नीट सांग," काका म्हणाले. "काय काय चालत नाही? एकही गोष्ट गाळू नकोस."

कालिंदीनं सगळं सांगितलं. सांगताना तिला जराही लाज वाटली नाही, कारण काका हसत नव्हते, कान देऊन ऐकत होते. त्यांनी लगेच शहरातल्या व्यापाऱ्याला फोन लावला. "तांदळाचं आहे? कॅल्शियमवालं? सगळ्यांना चालतं ते मला नका सांगू. खोकं उलटं करा आणि मागचं वाचून दाखवा. सावकाश."

तांदळाचं दूध आलं. कालिंदीनं मागचं वाचलं, काकांनी भिंग लावून पुन्हा वाचलं, मग ते खोकं डॉक्टरांना दाखवलं. "आता द्या, पण आधी माझ्यासमोर थोडं," डॉक्टर म्हणाले. रेणूनं दवाखान्यातच दोन घोट घेतले आणि सगळे तिच्याकडे बघत बसले. ओठ तसेच गुलाबी. अंगावर एकही गांध नाही. काही झालं नाही तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली.

घरी आल्यावर रेणूनं स्वतःचा कप काढला आणि काठोकाठ भरून मागितला. कालिंदी तिच्यासमोर बसून राहिली. कप रिकामा झाला. संध्याकाळ झाली. रेणू अंगणात लंगडी घालत होती आणि कालिंदी दारातून एकटक बघत होती.

"आई, काय बघतेस गं?"

"काही नाही," कालिंदी म्हणाली. खरंच काही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. काहीच न होण्यात एवढं सुख असतं, हे तिला आज कळलं.

त्याच रात्री तिनं आणि आत्यानं मिळून कपाटाची वरची फळी रिकामी केली.

तात्पर्य: समोरच्याचं मन राखायला दिलेला खोटा होकार त्याच्याही उपयोगाचा नसतो आणि आपल्याही. आपली अडचण न लाजता, पुरतेपणी सांगावी, म्हणजे मदत करणाऱ्याला नेमकी मदत करता येते.