नाकावरचा बेडूक

शब्द साधे आहेत, शुद्धलेखनही कच्चं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

जनावरं माणसांसारखी बोलत, त्या काळी एका तळ्यावर एक बेडूक राहायचा. कुणी पाण्याला आलं की तो टुणकन त्याच्या नाकावर बसे आणि सांगे, "डावीकडे दलदल आहे, उजवीकडून उतरा." समोरचा "समजलं" म्हणेपर्यंत तो हलत नसे. आणि कुणाला सांगून झालंय, हे त्याच्या ध्यानात राहत नसे.

"अरे मेल्या, माझा जन्म इथलाच!" म्हैस रोज करवादायची. पुढे पुढे तो तोंड उघडायच्या आतच ती "समजलं" म्हणून मोकळी व्हायची.

एकदा उजवीकडे मगर येऊन बसली. बेडकाने तिलाही दलदल सांगितली. तीही "समजलं" म्हणाली. तेवढ्यात म्हैस आली. बेडूक घाईने तिच्या नाकावर चढला.

"म्हशीबाई, आज उजवीकडे..."

"समजलं!" म्हणत ती उजवीकडूनच उतरली. जीव वाचला, पण अर्धं शेपूट मगरीने नेलं. मगर तळं सोडून गेली ती गेलीच.

"सांगायचं नाहीस होय रे?" म्हैस रडत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस आली, तेव्हा बेडूक काठावरच गप्प बसून राहिला. ती थबकली.

"का रे, आज काय झालंय?"

"काही नाही. पी निवांत."

तरी ती कितीतरी वेळ नाक पुढे करून उभीच राहिली.