कढईचे कान

त्या राज्यात चूल एकच होती आणि भांडी पुष्कळ. एकमेकांना हाक घालायला शब्दही एकच पुरे होता, ‘वाढ’.

थोरल्या कढईला चारचौघींसारखे दोनच कान होते. एका वर्षी तिसरा फुटला, मग चौथा, आणि बघता बघता काठ कानांनी भरून गेला. “अगं बाई, केवढे हे दागिने!” म्हणत ती मिरवू लागली. कोणी कुठेही ‘वाढ’ म्हटलं की वीस कान टवकारायचे आणि कढई बोटभर वाढायची. तिला वाटे, हा तर हुकूम. आपण नाही पाळायचा तर कोणी? पोटात शिजे ते तिच्याच अंगी लागे. होता होता तिने सगळी चूल झाकली. पातेल्यांना धग मिळेना. तिची स्वतःची लेक, धाकटी वाटी, कोपऱ्यात गारठून पडली.

आधी जुना उपाय झाला. पंचांनी सरसकट सगळ्यांना राखेने खसाखसा घासलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. वाटीची कल्हई उडाली आणि कढई चार दिवसांत पुन्हा टम्म.

मग म्हातारी सांडशी आली. तिने घासलं नाही की ठोकलं नाही. एकेक जादा कान चाचपला आणि त्याच्या मापाचं कणकेचं बूच त्यात बसवलं. थोडी कणीक शेजारणींनाही लागली, त्यांच्या काठांवर पुरळ उठलं; ते त्यांनी सोसलं.

“माझी वाढ बंद करतेस, सटवे!” कढई ओरडली.

“तुझे दोन कान ठेवलेत, बाई. आता नीट ऐक.”

कल्ला थांबला. इतके दिवस वीस कानांत हाकेतला ‘वाढ’ तेवढा घुमायचा. आता कोपऱ्यातून अख्खी हाक आली, अगदी बारीक आवाजात.

“आई, मला वाढ ना.”

मला? कढई थिजली. पोर इतकी वर्षं एवढंच मागत होती! शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घाईघाईने वाटीकडे कलली. गाव जेवेल एवढं पोट, आणि तळाशी होती फक्त करपलेली खरवड.

वाटीने आत वाकून पाहिलं.

“असू दे गं आई,” ती म्हणाली, “मला खरवड आवडते.”

सांडशीने हे दोन कानही बुजवले असते तर बरं झालं असतं, असं कढईला वाटलं.